पडताना कोणी पाहिलं? एका स्टाफ नर्सच्या इंग्रजी प्रश्नांचं प्रकरण

घरात पडून आलेल्या म्हाताऱ्या पेशंटची माहिती घेताना नर्स एक प्रश्न हमखास विचारते: "तुम्हाला पडताना कोणी पाहिलं का?" डोक्याला मार लागला असेल तर नुसत्या पेशंटच्या सांगण्यावर भिस्त ठेवता येत नाही. शुद्ध हरपली होती का, किती वेळ, झटके आले का, उलटी झाली का, हे तेव्हा जवळ असलेलं माणूसच सांगू शकतं. ते माणूस कोण, हे आधी कळावं लागतं. प्रश्न चुकला तर पुढची माहिती भलत्याच माणसाकडून घेतली जाते, नाहीतर घेतलीच जात नाही.

मी इंग्रजी शिकवते आणि माझ्याकडे येणाऱ्यांत नर्सेस बऱ्याच असतात. हे प्रकरण त्यांच्यातल्याच एकीचं आहे. मराठी माध्यमातून दहावी-बारावी, मग जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा, मग एका खासगी रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डात बरीच वर्षं. ओळख पटेल असे तपशील मी काढून टाकले आहेत आणि वॉर्डात सगळे म्हणतात तसं त्यांना इथे नुसतं 'सिस्टर' म्हणते. त्या ऑक्युपेशनल इंग्लिश टेस्टची, म्हणजे ओईटीची, तयारी करत होत्या. आरोग्यक्षेत्रातल्या १२ व्यवसायांसाठी ही परीक्षा आहे आणि ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया इथे नर्स म्हणून नोंदणी करताना ती चालते. बोलण्याच्या भागात दोन प्रसंग वठवायचे असतात, प्रत्येकी सुमारे ५ मिनिटांचे. हातात एक कार्ड मिळतं, ते वाचायला थोडा वेळ मिळतो आणि मग समोरची व्यक्ती पेशंट किंवा नातेवाईक बनून बोलायला लागते. परीक्षा देणाऱ्याने नर्सच राहायचं.

त्या दिवशीचं सरावाचं कार्ड असं होतं: ७८ वर्षांच्या एकट्या राहणाऱ्या बाई रात्री बाथरूममध्ये पडल्या, कपाळाला टेंगूळ आहे, सकाळी कॅज्युअल्टीत आणलंय. पेशंट झाली होती माझी सहशिक्षिका. ती केरळची, मराठी तिला कळत नाही, आणि म्हणूनच मी तिला पेशंट केलं होतं. मराठी जाणणारा माणूस चुकीच्या इंग्रजी प्रश्नामागचा मराठी प्रश्न ऐकतो आणि बरोबर उत्तर देऊन टाकतो. त्यात शिकणाऱ्याचं नुकसान होतं.

सिस्टरनी सुरुवात उत्तम केली. नाव विचारलं, कसं वाटतंय विचारलं, दुखतंय कुठे ते विचारलं, आवाज शांत. मग आला तो प्रश्न: 'हू यू सॉ फॉलिंग?'

पेशंट गोंधळली. 'आय डिडन्ट सी एनीवन फॉल. आय फेल.' म्हणजे मी कोणाला पडताना पाहिलं नाही, मीच पडले.

सिस्टरना चुकलंय एवढं कळलं, काय चुकलंय ते नाही. त्यांनी बदलून पाहिलं: 'हूम सॉ यू फॉलिंग?' आणि लगेच पुन्हा: 'हू डिड सॉ यू?' तोपर्यंत पेशंट गुडघ्याच्या जुन्या दुखण्यावर गेली होती. शेजारीण धप्प आवाज ऐकून धावत आली होती आणि तिनेच अँब्युलन्स बोलावली होती, हे पेशंटच्या कार्डावर लिहिलेलं शेवटपर्यंत बाहेर आलंच नाही.

आता गंमत अशी की सिस्टरची व्याकरणाची वही चोख होती. 'हू' की 'हूम' हे भरा, अशा गाळलेल्या जागांमध्ये त्या चुकत नव्हत्या. कर्ता असेल तिथे 'हू', कर्म असेल तिथे 'हूम', हे त्यांना शाळेपासून पाठ. कागदावर वाक्य समोर असतं, कर्ता-कर्म शोधायला वेळ असतो. बोलताना वाक्य अजून तयारच झालेलं नसतं, त्यामुळे तो नियम लावायला काही हाताशीच नसतं.

म्हणून मी नियम बाजूला ठेवला आणि त्यांनी फोनवर रेकॉर्ड केलेले सरावाचे प्रसंग ऐकून, माणसांबद्दल विचारलेला प्रत्येक प्रश्न त्यामागच्या मराठी प्रश्नासकट लिहून काढला. मराठी प्रश्न त्यांनीच सांगितले.

'हू गेव्ह यू धिस टॅब्लेट?' बरोबर. मनात होतं, ही गोळी कोणी दिली? 'हू इज युवर फॅमिली डॉक्टर?' बरोबर. तुमचे फॅमिली डॉक्टर कोण? 'हूम डिड यू टेल?' चालण्यासारखं. कोणाला सांगितलंत? आणि मग ही रांग: 'हूम हॅज डायबेटिस इन युवर फॅमिली?' घरात कोणाला शुगर आहे? 'हूम नोज अबाउट हिज मेडिसिन्स?' ह्यांच्या औषधांचं कोणाला माहीत आहे? 'हूम वॉन्ट्स टू स्टे विथ द पेशंट?' पेशंटजवळ कोणाला थांबायचंय? 'हूम हॅड फीवर फर्स्ट?' आधी ताप कोणाला आला?

चुका कुठेही, कशाही होत नव्हत्या. मनातल्या प्रश्नात 'कोणाला' आलं की तोंडून 'हूम' येत होतं, आणि 'कोण' किंवा 'कोणी' आलं की 'हू'. अर्ध्या वेळा हे जमून जायचं, त्यामुळे इतकी वर्षं कोणाच्या लक्षात आलं नसावं.

स, ला, ते

शाळेत विभक्तीचे प्रत्यय आपण घोकलेले असतात. द्वितीया: स, ला, ते. चतुर्थी: स, ला, ते. म्हणजे कर्माला 'ला' आणि ज्याला द्यायचं त्यालाही 'ला'. इथपर्यंत इंग्रजी 'हूम' सोबत येतं. पण मराठीत 'ला' याहून पुष्कळ पुढे जातो. भूक, तहान, ताप, राग, लाज, आठवण, माहिती, गरज, इच्छा हे सगळं आपल्याकडे माणसाला होतं, लागतं, येतं, हवं असतं. मला भूक लागते, मला आठवतं, मला चहा हवा आहे. ज्याला भूक लागली तो मराठीत वाक्याच्या मुख्य जागी बसत नाही, भूक बसते. इंग्रजीत मात्र भुकेला माणूस सरळ कर्त्याच्या खुर्चीवर असतो: 'आय अ‍ॅम हंग्री'. म्हणून 'कोणाला भूक लागली?' याचं इंग्रजी 'हू इज हंग्री?' होतं, आणि 'हूम'ला तिथे थाराच नाही.

आजार, इच्छा आणि माहिती हेच तर नर्सच्या प्रश्नांचे विषय. दुकानदाराला किंवा बँकेतल्या माणसाला ही अडचण इतक्या वेळा येणार नाही. वॉर्डात ती पेशंटगणिक येते.

उलट बाजूही आहे आणि ती जास्त फसवी आहे. 'तुम्हाला ओपीडीत कोण भेटलं?' हा प्रश्न सिस्टर 'हू मेट यू इन ओपीडी?' असा विचारायच्या. व्याकरणाला वाक्य निर्दोष. पण इंग्रजी ऐकणाऱ्याला त्यातून वाटतं की ओपीडीत घ्यायला कोण आलं होतं. विचारायचं होतं ते 'हू डिड यू सी इन ओपीडी?' मराठीत डॉक्टर आपल्याला भेटतात, क्रियापद त्यांच्याप्रमाणे चालतं. इंग्रजीत आपण डॉक्टरांना 'सी' करतो. आवडणे, दिसणे, सापडणे, समजणे ही सगळी मंडळी याच वळणाची. शेक्सपिअरच्या 'कोरिओलेनस'मध्ये एक पात्र विचारतं, लांडग्याला कोण आवडतं? (उत्तर मिळतं, कोकरू.) मराठीत 'ला' लांडग्याला आणि 'कोण' मोकळं. इंग्रजीत लांडगा कर्ता आणि कोकरू कर्म, म्हणजे पुस्तकी नियमाने तिथे 'हूम' हवं. शेक्सपिअरने 'हू' लिहिलं आहे. चारशे वर्षांपूर्वीसुद्धा प्रश्नाच्या तोंडाशी 'हूम' म्हणणं सगळ्यांना आवश्यक वाटत नव्हतं, हे त्यावरून दिसतं.

इथे थोडं आडवळण घेते, कारण सिस्टरना त्याने फार धीर आला. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत 'ह्वा' म्हणजे कोण आणि 'ह्वाम' म्हणजे कोणाला. आजचं 'हूम' त्या 'ह्वाम'चं वंशज आहे, म्हणजे मुळात ते चतुर्थीचंच रूप. त्या काळी इंग्रजीतही भूक आणि तहान माणसाला लागत असे. वाक्यात 'आय' नव्हे, इंग्रजी 'मी' येई, म्हणजे आपलं 'मला'. वाटण्याचंही तसंच. 'मिथिंक्स' हा जुना शब्द त्याचाच अवशेष, त्याचा अर्थ शब्दशः 'मला वाटतं'. पुढच्या शतकांत इंग्रजीने विभक्तीची रूपं गमावली आणि कर्ता कोण, कर्म कोण हे जागेवरून ओळखायला सुरुवात केली. वाटणारा, भुकेला, तहानलेला माणूस कर्त्याच्या जागी सरकला. सिस्टर बोलत होत्या ती रचना इंग्रजीत एकेकाळी नांदून गेलेली आहे. "म्हणजे मी अगदीच अडाण्यासारखं नव्हते बोलत," त्या म्हणाल्या. नव्हत्याच. मराठी डोक्याने नियम काटेकोर पाळला होता, फक्त तो मराठीचा होता.

जागा

'हू यू सॉ फॉलिंग' मात्र 'ला'मुळे चुकलं नव्हतं. ती जागेची चूक होती आणि परिणामाने सगळ्यांत वाईट, कारण तिने अर्थ उलटा केला.

मराठीत 'तुम्हाला कोणी पाहिलं' म्हणा, 'कोणी पाहिलं तुम्हाला' म्हणा, कोण बघणारं आणि कोण बघितलं गेलेलं हे प्रत्यय सांभाळतात. शब्द पुढेमागे झाले तरी बिघडत नाही. इंग्रजीत 'हू'ला काही चिकटत नाही, म्हणून सगळा भार जागेवर. 'हू सॉ यू?' म्हणजे तुम्हाला कोणी पाहिलं. 'हू डिड यू सी?' म्हणजे तुम्ही कोणाला पाहिलं. 'हू'च्या मागोमाग क्रियापद आलं तर 'हू' कर्ता. 'हू'च्या मागोमाग 'डिड यू' आलं तर 'यू' कर्ता. सिस्टर 'हू यू सॉ' म्हणाल्या तेव्हा ऐकणारीने मधला 'डिड' मनातल्या मनात भरून घेतला आणि बघणारं माणूस पेशंटच ठरलं.

म्हणजे फरक 'हू' आणि 'हूम' यांच्यात नाहीच, तो 'डिड'मध्ये आहे. हे मला फार महत्त्वाचं वाटतं आणि आपल्याकडच्या शिकवण्यात ते जवळपास गायब असतं. दहावीच्या इंग्रजीच्या पेपरात अधोरेखित शब्द उत्तर यावा असा प्रश्न तयार करायला सांगतात. मुलं अधोरेखित शब्द काढून तिथे प्रश्नार्थक शब्द ठेवतात, तो पुढे आणतात, 'डिड' घालतात आणि गुण मिळवतात. अधोरेखित शब्द कर्ता असेल तर 'डिड' नको, हे एका ओळीत सांगून संपतं. मग पुढे आयुष्यभर 'हू डिड गेव्ह', 'हू डिड कॉल' ऐकू येत राहतं. 'हू डिड कॉल यू?' हे इंग्रजीत होत नाही असं नाही, पण त्यात 'मग खरं कोणी बोलावलं?' असा उलटतपासणीचा सूर लागतो. पेशंटच्या मुलीला तो सूर आरोपासारखा वाटू शकतो.

काय केलं

पहिली गोष्ट, 'हूम' तोंडातून काढून टाकायला सांगितलं. लिहिताना ठेवा, बोलताना नको.

सिस्टरना ते पटेना. "मॅडम, हूम म्हटलं की जरा नीट बोलल्यासारखं वाटतं. मोठ्या माणसांना हू हू काय विचारायचं?" यात आदराची एक मराठी कल्पना आहे आणि ती समजून घेण्यासारखी आहे. आपण तू-तुम्ही पाळणारे लोक. दोन रूपं दिसली की त्यातलं अवघड ते आदराचं, असं वाटून जातं. पण 'हूम'मध्ये आदर नाही. इंग्लंडमधल्या वॉर्डात नर्स 'हू डिड यू स्पीक टू?' असंच विचारते, ऐंशीच्या आजोबांनासुद्धा. एडवर्ड सपीर या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९२१ मध्येच लिहून ठेवलं होतं की 'हूम डिड यू सी' व्याकरणाने बरोबर असूनही बोलणाऱ्याला अवघडल्यासारखं होतं आणि एक-दोन शतकांत ते कोणी म्हणणार नाही. त्याचं एक कारण त्याने असं दिलं की 'विच', 'व्हॉट', 'व्हेन', 'व्हेअर' यांच्यापैकी एकाचंही रूप बदलत नाही. या न बदलणाऱ्यांच्या रांगेत 'हूम' एकटं पडतं. ओईटीत बोलण्याचे गुण देताना उच्चार कळतो का, ओघ आहे का, भाषा प्रसंगाला साजेशी आहे का, व्याकरण आणि शब्द पुरेसे आहेत का, आणि पेशंटशी संवाद कसा साधला, हे बघतात. 'हूम'ने यातलं काही वाढत नाही. चुकीच्या जागच्या 'हूम'ने मात्र कमी होतं.

'हूम' हक्काने राहतं ते 'टू', 'बाय', 'विथ' यांसारखा शब्द त्याच्या आधी आला तर. 'टू हूम इट मे कन्सर्न' हे तर सरकारी कागदांमुळे सगळ्यांना माहीत आहे. ओईटीच्या लेखी भागात ४५ मिनिटांत साधारण १८० ते २०० शब्दांचं पत्र लिहायचं असतं, बहुधा पेशंटला दुसरीकडे पाठवण्याचं. तिथे 'हूम' शोभतं आणि सिस्टरना ते लिहिता येत होतंच.

दुसरी गोष्ट, प्रश्नाच्या आधी उत्तर. मनात मराठी प्रश्न आला की त्याचं इंग्रजी करायचं नाही. समोरचा काय उत्तर देईल ते इंग्रजीत मनात म्हणायचं. 'माय नेबर सॉ मी.' यातलं 'माय नेबर' पुसायचं, तिथेच 'हू' ठेवायचं, 'मी'चं 'यू' करायचं: 'हू सॉ यू?' शब्द जागचे हललेच नाहीत, म्हणून 'डिड'ची गरज नाही. आता दुसरं उत्तर: 'आय कॉल्ड माय डॉटर.' यातलं 'माय डॉटर' शेवटी आहे. ते पुसून 'हू' पुढे आणावं लागतं, आणि ते हललं म्हणून 'डिड' लागतं: 'हू डिड यू कॉल?' शुगरचं: 'माय ब्रदर हॅज डायबेटिस.' 'ब्रदर' पुढेच आहे, म्हणून 'हू हॅज डायबेटिस?' मराठीतला 'ला' या वाटेवर भेटतच नाही.

सुरुवातीला हे संथ चाललं. सिस्टर प्रश्नाआधी ओठ हलवायच्या. पण वॉर्डातले प्रश्न ठरलेले असतात, तेच पुन्हा पुन्हा येतात. एकदा बसले की उत्तर मनात म्हणावं लागत नाही.

मग मी आणखी एक सुचवलं, आणि मला वाटतं सगळ्यांत जास्त फरक त्याने पडला. मराठी 'कोणी'चे दोन अर्थ आहेत. 'तुम्हाला पडताना कोणी पाहिलं?' यात पाहिलंय हे गृहीत आहे, नाव हवं आहे. 'तुम्हाला पडताना कोणी पाहिलं का?' यात पाहिलं की नाही हेच विचारायचं आहे. सगळं त्या 'का'वर. सिस्टरना पहिल्या प्रसंगात खरं तर दुसरा प्रश्न विचारायचा होता. बाई एकट्या राहतात, कोणी होतं की नाही हेच माहीत नव्हतं. त्याचं इंग्रजी 'हू'ने सुरूच होत नाही: 'डिड एनीवन सी यू फॉल?' घरातल्या आजारांचंही तेच. 'घरात कोणाला शुगर आहे का?' म्हणजे 'डझ एनीवन इन युवर फॅमिली हॅव डायबेटिस?' मराठी प्रश्नाच्या शेवटी 'का' बसत असेल तर इंग्रजीत 'एनीवन' घ्या आणि 'हू' विसरा. सिस्टरच्या यादीतले कितीतरी अवघड प्रश्न या एका सूचनेने सोपे झाले. उत्तर 'हो' आलं तर पुढे नुसतं 'हू?' विचारलं तरी भागतं.

कोण लागता?

आपल्याकडे पेशंटसोबत आलेल्या माणसाला विचारतात, "तुम्ही पेशंटचे कोण?" किंवा "कोण लागता?" यात काही वावगं नाही, उलट 'लागता'मध्ये नातं गृहीत धरल्याची आपुलकी आहे. सिस्टरनी ते नेलं: 'हू आर यू ऑफ द पेशंट?' आणि घाईत नुसतं 'हू आर यू?' इंग्रजीत नुसतं 'हू आर यू?' म्हणजे 'कोण रे तू?' 'हू इज ही टू यू?' त्याहून वाईट. त्यात 'तुझा काय संबंध' असा वास येतो. इंग्रजीत नातं 'हू'ने विचारत नाहीत, 'हाऊ'ने विचारतात: 'हाऊ आर यू रिलेटेड टू द पेशंट?' किंवा मऊ आवाजात 'अँड यू आर...?' एवढंच म्हणून थांबतात आणि समोरचा वाक्य पुरं करतो: 'हर सन.' परदेशी वॉर्डात मित्र, जोडीदार, शेजारी, काळजीवाहक असं कोणीही सोबत येतं, म्हणून नातं आहेच असं न धरता विचारणं बरं. सिस्टरनी 'अँड यू आर' लगेच उचललं. आवाज नेमका कुठे सोडायचा, ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं जमतं.

'व्हॉट'चंही असंच. 'ते काय करतात?' याचं 'व्हॉट इज ही?' हे जुन्या पुस्तकांत सापडतं, पण आज तसं विचारलं तर माणसाला वस्तू केल्यासारखं वाटतं. 'व्हॉट डझ ही डू?' एवढं पुरे.

'विच' सिस्टरना जड गेलं नाही, कारण 'कोणते' आणि 'विच' बऱ्यापैकी समांतर चालतात. कोणत्या डॉक्टरांनी तपासलं, 'विच डॉक्टर सॉ यू?' समोर ठरावीक माणसं असली आणि त्यांतून निवडायचं असलं की 'विच', त्यातही माणसांसाठी 'विच वन' म्हटलं की कानाला बरं लागतं. एकच जागा अडली. पेशंटभोवती तीन मुलगे उभे आहेत आणि औषधं कोण बघतो हे हवं आहे: 'विच ऑफ यू लुक्स आफ्टर हिज मेडिसिन्स?' सिस्टर तिथे 'हू ऑफ यू' म्हणत. 'ऑफ यू', 'ऑफ देम' आलं की 'विच', मग माणसं का असेनात.

'कोण कोण' हा तर आपला लाडका प्रयोग. घरी कोण कोण असतं? सिस्टरचं भाषांतर, 'हू ऑल आर अ‍ॅट होम?' हे 'हू ऑल' आपल्या देशात सर्रास चालतं आणि अमेरिकेच्या काही भागांतही बोलतात, पण ब्रिटनमधल्या पेशंटला विचित्र वाटेल. शिवाय कर्ता म्हणून आलेलं 'हू' असल्या प्रश्नात एकवचनीच धरतात, उत्तर दहा माणसांचं असलं तरी. 'हू लिव्ज विथ यू?' हे साधं वाक्य त्यांना शेवटपर्यंत अपुरं वाटलं. कोण कोण म्हटल्याशिवाय सगळ्यांची नावं येणार नाहीत, अशी त्यांची भीती. नावं येतात.

लेखनात एक बारीक गोष्ट निघाली. 'हूज' कानाला एकच, पण लिहिताना दोन: 'कोणाचा' या अर्थाचा सलग लिहितात, 'कोण आहे' या अर्थाच्या शब्दात वर स्वल्पविराम येतो. सिस्टर पत्रात दुसऱ्याच्या जागी पहिला लिहीत. दाखवल्यावर थांबलं.

आता कुठे आहे

पडलेल्या बाईंचं तेच कार्ड काही आठवड्यांनी, न सांगता, दुसऱ्या पेशंटसोबत पुन्हा दिलं. सिस्टरनी दुसऱ्याच मिनिटाला विचारलं, 'डिड एनीवन सी यू फॉल?' पेशंट म्हणाली, पाहिलं नाही, पण शेजारीण आवाज ऐकून आली. 'हू कॉल्ड द अँब्युलन्स, शी ऑर यू?' हे पुढचं वाक्य मी शिकवलेलं नव्हतं. मग त्यांनी शेजारणीशी बोलायची परवानगी मागितली. पेशंटची बाजू समजून घेणं आणि माहिती नीट गोळा करणं, दोन्ही गुणांच्या तक्त्यात बसतं. पण मला जास्त बरं वाटलं ते अशासाठी की एखाद्या खऱ्या वॉर्डात हीच विचारपूस खरोखर कामाची ठरेल.

'हूम' बोलण्यातून जवळजवळ गेलं आहे. थकल्यावर, विशेषतः नाईट ड्यूटी करून आल्या असल्या की, 'हूम वॉन्ट्स' अजून निसटतं. ते जाईल.

राहिली आहे ती एक वेगळीच गोष्ट. पेशंटने दुसऱ्याची गोळी घेतल्याचा प्रसंग होता. मराठीत आपण विचारू, "तुम्हाला काय वाटतं, ही गोळी त्यांना कोणी दिली?" 'काय' एकीकडे, 'कोणी' दुसरीकडे, दोन प्रश्न शेजारी. सिस्टर म्हणाल्या, 'व्हॉट डू यू थिंक, हू गेव्ह हिम द टॅब्लेट?' इंग्रजीत इथे 'व्हॉट' येत नाही. 'हू' पार पुढे जातं आणि 'डू यू थिंक' मध्ये घुसतं: 'हू डू यू थिंक गेव्ह हिम द टॅब्लेट?' या जागी मातृभाषा इंग्रजी असलेली माणसंसुद्धा चुकून 'हूम' लिहितात, कारण 'यू थिंक'च्या आधी आलेलं ते कर्म असावं असा भास होतो. पण 'हू' इथे 'गेव्ह'चा कर्ता आहे.

उत्तर आधी मनात म्हणण्याची युक्ती इथे नीट चालत नाही, मधला तुकडा तिला बसवता येत नाही. सिस्टरनी स्वतःच वेगळी वाट काढली. त्या आता दोन वाक्यं करतात: 'समवन गेव्ह हिम द टॅब्लेट. डू यू नो हू?' घाबरलेल्या नातेवाइकाला एका लांबलचक प्रश्नापेक्षा ही दोन तोकडी वाक्यं लवकर कळतात, आणि 'तुमचा संशय कोणावर' असा सूरही त्यात लागत नाही. लांब वाक्याचा आग्रह मी सोडून दिला आहे.